वहाणेवरून माणूस किती ओळखता येतो?

अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल तर ती बाई नवऱ्याला मुठीत ठेवणार, हे महाराष्ट्रातल्या असंख्य मुलींनी स्थळं बघायच्या वयात एकदा तरी ऐकलेलं असतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘जरा चालून दाखव’ म्हणणाऱ्यांना फक्त चालीतलं व्यंग तपासायचं नसायचं, पावलावरून स्वभाव आणि नशीबही वाचायचं असायचं. तेच लांब बोट हल्ली मोबाइलवर ‘ग्रीक पाऊल’ या नावानं फिरतं आणि तिथं त्याचा अर्थ ‘जन्मजात नेतृत्व’ असा लावलेला असतो. बोट तेच, फलित मात्र सोयीनुसार बदललेलं.

त्या बोटाचं खरं कारण हाडात आहे. एका पावलात 26 हाडं असतात. प्रत्येक बोटामागे तळव्यातून येणारं एक लांब हाड असतं. ‘लांब बोट’ असलेल्या बहुतेकांचं दुसरं बोट लांब नसतंच, अंगठ्यामागचं हाड आखूड असतं. त्यामुळे अंगठा मागे राहतो आणि शेजारचं बोट पुढे आल्यासारखं दिसतं. अमेरिकी शल्यचिकित्सक डडली मॉर्टन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रचनेचा अभ्यास केला, म्हणून तिला मॉर्टनचं बोट म्हणतात. या रचनेचे परिणाम दोन. पाऊल पुढे टाकताना चवड्यावर येणारा भार अंगठ्यामागच्या हाडानं पेलायचा असतो, तो काही जणांत दुसऱ्या हाडावर सरकतो आणि दुसऱ्या बोटाच्या बुडाशी तळव्याला घट्टा पडतो. दुसरं म्हणजे बूट अंगठ्याच्या मापानं घेतला तर पुढे आलेलं बोट टोकाला आदळत राहतं आणि त्याचं नख काळं पडतं. उपाय सोपा आहे. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभं राहून घ्यायचं, दोन्ही पायांचं घ्यायचं आणि सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटिमीटर जागा सोडायची. त्या बोटाकडून मिळणारी माहिती एवढीच. नवऱ्याचा आणि मुठीचा त्यात कुठे संबंध येत नाही.

राजाचे पाय आणि दरिद्री पाय

पायावरून माणूस वाचायची आपली परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत पुरुषलक्षणांचा अध्याय लिहिला, त्यात राजाचे पाय कसे असतात हे सांगितलं आहे: घाम न येणारे, तळवा मऊ, कमळाच्या गाभ्यासारखे, बोटं एकमेकांना चिकटलेली, नखं तांबूस, शिरा न दिसणारे, घोटे झाकलेले. आणि दारिद्र्य व दुःख देणारे पाय कसे? सुपासारखे पसरट, रखरखीत, नखं फिकट, वाकडे, शिरांनी भरलेले, कोरडे, बोटं विरळ.

हे वर्णन आजच्या पायतज्ज्ञाला दाखवलं तर तो लक्षणं नाकारणार नाही. तो फक्त कारण आणि परिणाम यांची जागा बदलेल. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्या माणसाचा चवडा रुंद होतो, बोटं फाकतात, तळव्याची कातडी जाड आणि कोरडी होते. उन्हात उभं राहून काम करणाऱ्याच्या पायावर शिरा उठून दिसतात. पालखीतून किंवा घोड्यावरून फिरणाऱ्याचा तळवा मऊ राहतो आणि पादत्राणात बांधलेली बोटं जवळजवळ राहतात. थोडक्यात, जुन्या लक्षणकारांची नजर तीक्ष्ण होती. त्यांनी श्रीमंताचा पाय आणि कष्टकऱ्याचा पाय अचूक वेगळे ओळखले. पण कष्टानं पाय असा झाला, हे लिहायच्या ऐवजी पाय असा आहे म्हणून नशिबी कष्ट आले, असं लिहिलं. पावलाबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक समजुतीत हीच उलटापालट सापडते, म्हणून ती नीट लक्षात ठेवलेली बरी.

पाय पादत्राणानं घडतो याचे मोजून काढलेले पुरावे आहेत. राव आणि जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण 8.6 टक्के होतं, अनवाणी वाढलेल्या मुलांत 2.8 टक्के. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. हाँगकाँगमधल्या चिनी लोकांवरच्या 1958 च्या एका अभ्यासात अंगठा इतर बोटांकडे वळून बुडाशी गाठ येण्याचं प्रमाण बूट वापरणाऱ्यांत 33 टक्के आणि अनवाणी राहणाऱ्यांत 1.9 टक्के आढळलं होतं. हाडाची ठेवण आनुवंशिक असते हे खरं, पण तिला शेवटचा आकार देण्यात पायातल्या वस्तूचा मोठा वाटा असतो.

सपाट पायाबद्दल अजून एक. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण पाळण्यातलं प्रत्येक पाऊल सपाटच दिसतं, कारण कमानीच्या जागी चरबीची गादी असते. कमान पुढच्या काही वर्षांत उमटते. मोठेपणी सपाट राहिलेल्या पायाला अपशकुनी ठरवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. ओलं पाऊल कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवून ठसा बघायचा. आतल्या बाजूला खाच अजिबात नसेल तर कमान खाली आहे. मग चवड्यावर उभं राहायचं. तेव्हा कमान दिसू लागली तर पाय लवचिक आहे आणि दुखत नसेल तर काहीही करायची गरज नाही. चवड्यावर उभं राहूनही कमान येत नसेल किंवा दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ.

जुनी चप्पल कशी वाचायची

पादत्राणाचा सर्वांत प्रामाणिक भाग त्याचा तळ असतो. रंग, ब्रँड, पॉलिश हे माणूस निवडतो, झीज निवडता येत नाही. म्हणून वाचायला घ्यायचा जोड रोजच्या वापरातला, किमान सहा महिने जुना हवा. तो सपाट टेबलावर ठेवायचा आणि आधी मागून, टाचेच्या पातळीला डोळे आणून बघायचं.

टाचेची मागची बाहेरची कड झिजलेली असेल तर ते सामान्य आहे. चालताना पाय शरीराच्या मध्यरेषेकडे येत पुढे पडतो, त्यामुळे टाच किंचित बाहेरच्या कडेवर टेकते आणि मग पाऊल आतल्या बाजूला लोळतं. ‘बाहेरून चप्पल झिजते म्हणजे माणूस उधळ्या’ अशा वाक्यांना यापलीकडे आधार नाही. टाचेची आतली कड आणि चवड्याची आतली बाजू झिजली असेल तर पाऊल जास्त आत कलतंय, बहुधा कमान खाली आहे. टाचेपासून करंगळीपर्यंत बाहेरची संपूर्ण कड झिजली असेल तर कमान उंच आणि ताठ असण्याची शक्यता. दोन्ही जोडे टेबलावरच आत किंवा बाहेर कलंडत असतील तर ते बदलायची वेळ होऊन गेली आहे, कारण आता वहाणच पायाला वाकडं चालायला लावतेय.

मग डावा-उजवा ताडून बघायचा. फरक थोडा असेल तर सोडून द्यावा. एक तळ ठळकपणे जास्त झिजला असेल तर दोन पायांच्या लांबीत फरक, गुडघा किंवा खुब्याचं दुखणं, किंवा धंद्याची सवय, यातलं काहीतरी असतं. धंद्याच्या खुणा फार बोलक्या असतात. ज्या मोटारसायकलचा गिअर पायानं वर उचलावा लागतो, ती चालवणाऱ्याच्या डाव्या बुटाचा वरचा भाग, अंगठ्याच्या वर, घासलेला असतो. दिवसभर ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या रिक्षाचालकाची उजवी चप्पल चवड्याखाली आधी पातळ होते. शिवणीत अडकलेली माती लाल असेल तर कोकणाकडची, काळी आणि चिवट असेल तर मराठवाडा-विदर्भाकडची, असा अंदाज चुकण्याची शक्यता कमी.

पायावरचे डागही असेच वाचता येतात. करंगळीच्या वर कुरूप म्हणजे पुढून अरुंद बूट. अंगठा आणि शेजारच्या बोटामध्ये काळपट राठ रेघ म्हणजे वर्षानुवर्षं अंगठ्याची चप्पल. बोटांच्या बेचक्यात पांढरट, सोललेली कातडी म्हणजे चिखल्या: लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणारे, किंवा पाणी भरलेल्या मोऱ्यांत आणि हॉटेलच्या भांडेघरात काम करणारे. टाचांना भेगा असल्या की बाई गबाळी, असं म्हणायची पद्धत आहे आणि ती दुष्ट आहे. भेग पडते ती अशी: टाचेखाली चरबीची गादी असते, उभं राहिलं की ती दाबली जाऊन कडेनं बाहेर पसरते. मागून बंद असलेला बूट तिला धरून ठेवतो, उघडी चप्पल ठेवत नाही. कडेची कातडी जाड आणि कोरडी असेल तर ती ताणाला वाकत नाही, फाटते. ओट्यापाशी तासन् तास कडक फरशीवर उभं राहणाऱ्या बाईला अनवाणी किंवा सपाता घालूनच वावरावं लागतं. तिच्या टाचा तिच्या कामाचे तास सांगतात, स्वभाव नव्हे.

चालीचंही तसंच. नव्या कोल्हापुरीत माणूस एक-दोन आठवडे सावध, जड पावलं टाकतो, कारण जाड चामड्याचा तळ अजून वाकत नसतो आणि अंगठा चावत असतो. वहाण पायाच्या आकाराची झाली की तीच जडशीळ, करकरणारी चाल रुबाबदार वाटू लागते. रबरी स्लिपर पायात टिकवायला बोटांनी सतत धरून ठेवावी लागते, म्हणून पाऊल आखूड पडतं आणि टाचेवर फटफट आवाज होतो. रुबाब आणि फटफट या दोन्हींमध्ये माणसाचा वाटा असतो, पण वहाणेचा त्याहून मोठा.

मग स्वभाव अजिबात कळत नाही?

थोडा कळतो. किती, हे तपासणारा एक चांगला अभ्यास अमेरिकेत झाला. ओम्री गिलाथ आणि सहकाऱ्यांचा, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला. 208 जणांकडून त्यांच्या सर्वांत जास्त वापरातल्या बुटांचे फोटो घेतले, त्यांच्याकडून स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. मग 63 विद्यार्थ्यांना फक्त फोटो दाखवून मालकाबद्दल अंदाज करायला सांगितलं. अंदाज बरोबर आले ते वय, लिंग, उत्पन्न आणि जवळच्या माणसांकडून नाकारलं जाण्याची धास्ती या चार गोष्टींबाबत. यातल्या पहिल्या तीन गोष्टी स्वभाव नव्हेतच. चौथी आहे, आणि तिचं सापडणं खरोखर लक्षवेधी आहे. या अभ्यासाच्या बातम्या जगभर ‘बुटांवरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो’ अशा मथळ्यांनी छापल्या गेल्या. मूळ निष्कर्ष त्याच्यापेक्षा बराच अरुंद आहे.

असे अंदाज कधी जमतात आणि कधी फसतात हे समजायला मानसशास्त्रातल्या दोन कल्पना पुरेशा आहेत. टेक्सास विद्यापीठातले सॅम गॉस्लिंग यांनी 2002 मध्ये 94 कार्यालयं आणि 83 निजायच्या खोल्यांवर केलेल्या अभ्यासात वस्तूंमधले संकेत दोन प्रकारचे मानले. एक, माणसानं मुद्दाम दाखवण्यासाठी ठेवलेले. दुसरे, त्याच्या वागण्याचा मागे राहिलेला गाळ. महागड्या बुटावरचं चिन्ह पहिल्या प्रकारातलं. त्यावरून माणूस कसा दिसू इच्छितो ते कळतं. तळाची झीज, शिवणीतली माती, तुटलेली वादी तारेनं बांधलेली, हे दुसऱ्या प्रकारातलं. त्यावरून तो काय करतो ते कळतं. मात्र खोली हा रोज हजारदा घडणाऱ्या वागण्याचा साठा आहे, म्हणून खोल्यांवरून नीटनेटकेपणाचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येत होता. चपलेच्या जोडात एवढा साठा नसतो.

आपल्याकडे तर त्यात आणखी एक अडचण. आपण वहाणा दारात काढतो. घरात, देवळात, मंगल कार्यालयात, अनेक दुकानांतही माणूस अनवाणी असतो. देवळात चोरीला जाईल म्हणून जुनी चप्पल, पावसात प्लॅस्टिकची, नोकरीच्या नियमाप्रमाणे काळा बूट, लग्नात मोजडी किंवा कोल्हापुरी. यातला कोणता जोड ‘त्याचा’ म्हणायचा? दारातला ढीग बघायचाच असेल तर एका वेळचा बघून उपयोग नाही. तोच माणूस घाईत, निवांत आणि पाहुणा म्हणून गेल्यावर वहाणा कशा काढतो, हे आठ-दहा वेळा सारखं दिसलं तर ती सवय म्हणता येईल.

पैशाचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि इतिहासाचाही. महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत दलितांना सवर्णांच्या वस्तीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागायची. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण माणसांच्या पायरीबद्दल वापरली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या समाजात पादत्राण घालायचा हक्कच वाटून दिलेला होता, तिथं पादत्राणावरून लायकी ठरवायची सवय सहज जात नाही. नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलाच्या बुटांवरून तो ‘शिस्तीचा’ आहे की नाही असं ठरवणारा माणूस बहुतेक वेळा मुलाच्या वडिलांचं उत्पन्न मोजत असतो. शिस्त बघायची असेल तर त्याच्या कामाचा नमुना मागावा.

तरी वाचन पटतं ते का

‘तुमच्या पावलावरून दिसतं की तुम्ही बाहेरून खंबीर, पण आतून हळवे आहात, लोकांना जीव लावता, पण चीज होत नाही.’ हे ऐकून मान डोलावणार नाही असा माणूस विरळा. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास त्याचं’ वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला अचूकतेबद्दल 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती.

घरच्या घरी याची तपासणी करता येते. पावलांच्या आकारावरून स्वभाव सांगणारा एखादा तक्ता घ्या. घरातल्या सहा जणांची पावलं बघून तक्त्याप्रमाणे सहा वर्णनं वेगवेगळ्या कागदांवर लिहा, नावं लिहू नका, पावलाचा उल्लेखही ठेवू नका. कागद मिसळून प्रत्येकाला आपलं वर्णन ओळखायला सांगा. नुसत्या नशिबानं सहापैकी सरासरी एकाला आपला कागद सापडेल. तक्त्यात दम असेल तर चार-पाच जणांना सापडायला हवा, आणि दुसऱ्या कुटुंबातही तसंच व्हायला हवं. नेहमीची चूक म्हणजे वर्णनं आधी नावानिशी वाचून दाखवणं. मग ती सगळ्यांनाच पटतात.

‘पायगुण’ याच खोडीवर उभा आहे. सून आली आणि धंदा चालला तर पायगुण, बुडाला तर तिला पांढऱ्या पायाची म्हणायचं. धंदा बुडण्याची इतर दहा कारणं कुणी त्या घरात मोजत नाही, आणि ज्या शेकडो घरांत सून आल्यावर काहीच घडलं नाही त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. या एका शब्दापायी कितीतरी मुलींची आयुष्यं होरपळली आहेत. त्याला निरुपद्रवी समजूत म्हणणं आम्हाला मान्य नाही.

पायांच्या हालचालीबद्दलचा दावा मात्र जरा वेगळा आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी 1969 मध्ये मांडलं की माणूस चेहरा सांभाळतो, पायांकडे त्याचं लक्ष नसतं, म्हणून मनातलं पायांतून गळतं. कल्पना पटण्यासारखी आहे. पण 2003 मध्ये बेला डिपॉलो आणि सहकाऱ्यांनी खोटेपणाचे 158 संकेत अनेक अभ्यासांतून एकत्र तपासले, तेव्हा पाय हलवण्याचा खोटं बोलण्याशी भरवशाचा संबंध दिसला नाही. पाय हलतो कारण माणूस अस्वस्थ आहे, कंटाळला आहे, थंडी वाजते आहे, लघवीला जायचं आहे किंवा पाय दुखतो आहे. मनःस्थितीचा ठसा चालण्यावर अधिक दिसतो: खोल नैराश्यात माणूस हळू चालतो, हात कमी झुलतात, खांदे पुढे झुकतात. पण ती त्या दिवसांची अवस्था झाली, मूळ स्वभाव नव्हे.

आळस नव्हे, आजार

पायावरून स्वभाव वाचण्यातला सर्वांत मोठा तोटा हा, की त्यात आजार निसटतो. ‘चप्पल फरफटत चालतो, आळशी आहे’ असं ज्याला म्हटलं जातं त्याचे चवडे उचलणारे स्नायू कमजोर झालेले असू शकतात. तपासायचं असेल तर त्याला टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. एका पायाचा चवडा खाली पडत असेल तर नस दबली आहे का हे बघायला हवं. म्हातारपणी पावलं अचानक आखूड झाली, पाय जमिनीला घासू लागला, चालताना एक हात झुलेनासा झाला, तर ते कंपवाताचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं.

आणि ‘इतका वेंधळा, चप्पल कुठे पडली ते कळत नाही’ हे मधुमेह असलेल्या माणसाबद्दल बोललं जात असेल तर त्याच आठवड्यात पाय दाखवावा. चालताना स्लिपर निसटून मागे राहणं आणि ते न समजणं हे पायाची संवेदना गेल्याचं ठळक लक्षण आहे. दवाखान्यात 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून संवेदना तपासतात, दोन-तीन मिनिटांचं काम असतं आणि दुखत नाही. तोवर घरी दोन गोष्टी कराव्यात: रोज रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांची बेचकी बघणं, आणि अंगठ्याच्या सुट्या चपलेऐवजी मागून पट्टा असलेली, आत मऊ अस्तराची सँडल वापरणं. पायात घालण्याआधी ती उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. खडा टोचला तरी त्या पायाला कळणार नसतं.